परतीची वाट : जुन्या गाडीच्या दिव्यांविषयी

उजवा इंडिकेटर द्यावा आणि मागची टेललाइटही त्याच्या तालावर मंद-तेज होऊ लागावी. ब्रेक दाबावा तर मागचा दिवा उजळण्याऐवजी उलट विझू पाहावा. जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने यातला एखादा चमत्कार कधी ना कधी पाहिलेला असतो. मग ठरलेली धावपळ सुरू होते. आधी बल्ब बदलला जातो, मग फ्लॅशर, मग स्विच. दोन-चार हजार रुपये गेल्यावर कोणीतरी दिव्याच्या बुडाशी असलेला गंजका स्क्रू काढतो, पत्रा पॉलिश पेपरने घासतो, स्क्रू पुन्हा आवळतो आणि चमत्कार तिथेच संपतो.

तो स्क्रू आणि त्याचे भाऊबंद हा या पुस्तकाचा विषय आहे.

घरातल्या दिव्याला दोन तारा असतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. जुन्या मोटारीतल्या दिव्याकडे बहुधा एकच तार येते. दुसऱ्या तारेचे काम गाडीचा पत्रा करतो. बॅटरीचे एक टोक जाड पट्टीने बॉडीला जोडलेले असते. दिव्यातून गेलेली वीज होल्डर, स्क्रू, मडगार्ड, चासी अशा मार्गाने बॅटरीकडे परतते. यात तांबे वाचते, वजन वाचते आणि गाडी नवी असेपर्यंत सारे बिनबोभाट चालते. पंचवीस-तीस पावसाळे झाल्यावर मात्र त्या परतीच्या वाटेवर गंज बसलेला असतो. तारेतून दिव्यापर्यंत वीज येते, पण पुढे जायला रस्ता नसतो. अशा वेळी ती आडवाट धरते. ब्रेक आणि टेल यांचा बल्ब एकच, त्यात फिलामेंट दोन. त्या बल्बचे अर्थिंग गेले की ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेली वीज टेलच्या फिलामेंटमधून उलटी शिरते आणि तिच्या तारेने पलीकडच्या बाजूच्या दिव्यात जाऊन तिथल्या अर्थला मिळते. म्हणूनच ब्रेक दाबल्यावर डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणणे यांसारखे प्रकार घडतात. त्यात गूढ काही नसते. गाडीतल्या वायरिंगचा नकाशा समोर ठेवून बोट फिरवले की वीज कुठून फिरली ते दिसते.

पत्र्याची बॉडी ही किती मोठी सोय आहे, हे ती नसलेल्या गाडीत कळते. १९८०च्या दशकात बंगळुरूच्या सिपानी कंपनीने काढलेल्या डॉल्फिन या गाडीची बॉडी फायबरग्लासची होती. फायबरग्लासमधून वीज जात नाही. त्यामुळे अशा गाडीत प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी तार द्यावीच लागते. जुनी गाडी नव्याने उभी करणारे अनेक कारागीर आता पत्र्याच्या गाडीतही असेच करतात, आणि ते योग्यच आहे.

महाराष्ट्रात जुन्या गाडीची गोष्ट निघाली की ती कुर्ल्याहून सुरू होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. १९७०च्या दशकात तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या ओळखीचा भाग झाली. टॅक्सीच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. खासगी पद्मिनी मात्र आहेत, आणि नव्या हौशी मालकांच्या हाती गेल्याने त्यांची निगा पूर्वीपेक्षा बरी राखली जाते. शहरात रस्त्यावरच्या खांबांचा उजेड पुरेसा असतो, त्यामुळे हेडलाइट किती मंद झाले आहेत हे मालकाच्या ध्यानातच येत नाही. गणपतीला कोकणात निघाल्यावर पहिल्या घाटात, समोरून ट्रक आला आणि आपण डिपर दिला, की ते ध्यानात येते.

पद्मिनीचे कुळ इटलीचे, तसे अँबेसडरचे इंग्लंडचे. बंगालमधल्या उत्तरपाड्यात हिंदुस्तान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेली ही गाडी २०१४ पर्यंत बनत होती. इंग्रजी गाड्यांबरोबर लुकास हे नाव येते. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास यांच्या कंपनीने सायकलच्या दिव्यांवर नाव कमावले आणि पुढे इंग्रजी मोटारींची निम्मी-अधिक वीजव्यवस्था तिच्या हाती आली. भारतात १९६१ साली लुकास-टीव्हीएस उभी राहिली. तिकडच्या मोटारवाल्यांनी लुकासला ‘अंधाराचा राजपुत्र’ अशी पदवी दिली होती. विनोद म्हणून ती ठीक आहे, पण निदान म्हणून चुकीची. लुकासचे डायनमो आणि स्टार्टर दशकानुदशके चालले. दगा दिला तो बहुतेक वेळा जोडांनी. रबराच्या नळीत समोरासमोर खुपसलेल्या पितळी बुलेट टोकांत पाणी शिरायचे, पितळ कळकायचे आणि दिवा जायचा. ते टोक ओढून काढले, घासले, पुन्हा बसवले की दिवा लागायचा. जोडाच्या दोषाचे खापर अशा रीतीने बनवणाऱ्याच्या नावावर फुटले.

जोडातला थोडासा अडथळा इतका का महागात पडतो, याचे उत्तर जॉर्ज ओम यांनी १८२७ साली मांडलेल्या नियमात आहे. ६० वॅटचा एक हेडलाइट बारा व्होल्टवर सुमारे ५ अँपिअर वीज घेतो, म्हणजे दोन दिवे मिळून १०. तांब्याची एक चौरस मिलिमीटर छेदाची तार तीन मीटर लांब असेल, तर एवढ्या विजेला ती एकटीच अर्धा व्होल्ट खाते. अडीच चौरस मिलिमीटरची तार घातली तर हीच गळती ०.२ व्होल्टवर येते. त्यात इग्निशन स्विच, लाइटचा स्विच, डिपर, फ्यूजचे दोन चिमटे आणि अर्थचा स्क्रू अशा प्रत्येक ठिकाणी दशांश-दोन दशांश व्होल्ट गळत जातात. बेरीज सहज दीड-दोन व्होल्टवर पोहोचते.

दोन व्होल्ट म्हणजे फार नाहीत, असे वाटू शकते. पण फिलामेंटच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, तो त्याच्या कितीतरी पट वेगाने उतरतो. व्होल्टेज दहा टक्के घटले की उजेड सुमारे तीस टक्के घटतो. वीस टक्के घटले की निम्म्याहून कमी उरतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट आणि दिव्यावर १०.८, अशी स्थिती जुन्या गाडीत मुळीच दुर्मीळ नाही. त्या गाडीचा मालक दुकानात जाऊन जास्त वॅटचा बल्ब मागतो, आणि पुढची सगळी गडबड तिथे सुरू होते.

बाजारात १००/९० वॅटचे बल्ब सर्रास मिळतात. अप्परवर असे दोन बल्ब मिळून सोळा-सतरा अँपिअर ओढतात. १९६०-७०च्या बहुतेक गाड्यांत हेडलाइटची सगळी वीज थेट डॅशबोर्डवरच्या किंवा स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जाते, मध्ये रिले नसतो. मूळचा स्विच ४५/४० वॅटच्या साध्या बल्बांच्या हिशेबाने केलेला. ६०/५५ वॅटचा एच-४ हॅलोजन बल्ब १९७०च्या दशकात रुळला, तेव्हाच त्या स्विचवरचा भार वाढला होता. १०० वॅटला स्विचमधले टोक तापते, तापल्याने त्यावर कार्बन धरतो, कार्बनने अडथळा वाढतो आणि अडथळ्याने ते आणखी तापते. शेवटी प्लास्टिक वितळते. आणि या सगळ्यात उजेड वाढतच नाही, कारण जास्त वीज ओढली की त्याच जुन्या तारेत गळतीही जास्त होते.

यावरचा उपाय स्वस्त आहे आणि या पुस्तकात त्याला एक पूर्ण प्रकरण दिले आहे. रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. त्याच्या चार टोकांवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे असतात. ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची टोके. ती फार तर पाव अँपिअर घेते, आणि जुन्या स्विचला आता तेवढेच काम उरते. ३० वर बॅटरीकडून फ्यूज लावून जाड तार आणायची आणि ८७ वरून ती दिव्याला न्यायची. अप्परला एक रिले, डिपरला एक. मूळची एकही तार कापावी लागत नाही, त्यामुळे गाडी पुन्हा कंपनीच्या स्थितीत आणायची झाली तर अर्ध्या तासात येते. हे काम नीट झालेल्या पद्मिनीत साधा ६०/५५चा बल्बही नवा वाटतो.

फ्यूजविषयी दोन शब्द खडसावून सांगायला हवेत. फियाटच्या घराण्यात चिनी मातीचे, दोन्ही टोकांना निमुळते फ्यूज असत. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६चा. चिमट्याचा ताण गेला किंवा टोक कळकले की फ्यूज धड असूनही वीज जात नाही. असा फ्यूज बोटाने नुसता फिरवला तरी दिवा लागतो, आणि तेवढ्याने दुरुस्ती झाली असे मानले जाते. याहून वाईट सवय म्हणजे सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून उडालेला फ्यूज परत बसवणे. चांदी उडत नाही. मग शॉर्ट झाला की डॅशबोर्डच्या आतली तार जळते, आणि तिच्याबरोबर शेजारच्या दहा तारा. जुन्या इंग्रजी गाड्यांपैकी अनेकींत फ्यूज मुळात दोनच असत आणि हेडलाइटला फ्यूजच नसे. अशा गाडीत फ्यूज घालून घेणे ही सजावट नव्हे, ती आग टाळण्याची पहिली पायरी आहे.

दोष शोधायचा तर हातात काय असावे? कोपऱ्यावरच्या अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाहावे. त्याच्याकडे बहुधा एक जुना होल्डर, त्यात २१ वॅटचा बल्ब आणि दोन तारा एवढेच असते. हा टेस्ट लॅम्प साधा दिसतो, पण एका बाबतीत तो महागड्या डिजिटल मल्टिमीटरवर मात करतो. मीटर स्वतः जवळजवळ वीज घेत नाही. त्यामुळे आतून तुटत आलेल्या, एकाच तंतूवर लटकलेल्या तारेवरही तो खुशाल १२.६ व्होल्ट दाखवतो. टेस्ट लॅम्प खरी वीज मागतो, आणि तो तंतू ती देऊ शकत नाही. दिवा मिणमिणतो आणि तारेचे पितळ उघडे पडते.

मीटरचा खरा उपयोग दिवा चालू ठेवून करायचा असतो. हेडलाइट लावावा. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसच्या खुंटीवर आणि काळी पिन दिव्याच्या मागे तार येते त्या टोकावर ठेवावी. मीटर जो आकडा दाखवील, तेवढे व्होल्ट जाण्याच्या वाटेवर हरवले. मग लाल पिन बल्बच्या अर्थच्या टोकावर आणि काळी पिन बॅटरीच्या मायनसवर. हा परतीच्या वाटेचा तोटा. जाताना अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घ्यावे. परतताना ०.२च्या वर गेले की स्क्रू शोधायला लागावे. गॅरेजमध्ये ही चाचणी क्वचितच होते, कारण बल्ब बदलून पाहणे सोपे असते. पण दोन मिनिटांच्या या मोजणीने अर्धी गाडी तपासातून बाद होते आणि उरलेल्या अर्धीत जोड मोजकेच असतात.

शॉर्टसाठीही तोच टेस्ट लॅम्प. फ्यूज घातला की उडतो, पुन्हा घातला की पुन्हा उडतो, अशा वेळी डझनभर फ्यूज जाळण्यात अर्थ नसतो. त्या मार्गावरचे बल्ब काढून ठेवावेत आणि फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्पची दोन टोके लावावीत. शॉर्ट असेल तर लॅम्प लख्ख पेटतो, पण त्याच्या फिलामेंटमुळे वीज पावणेदोन अँपिअरच्या आसपास अडून राहते आणि तार जळत नाही. मग वायरिंग जागोजागी हलवत जावे, कनेक्टर एकेक करून सोडवावेत. लॅम्प विझला त्या जागी दोष आहे. तो बहुतेकदा पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे, रबरी ग्रोमेट झिजून गेलेला असतो तिथे, किंवा डिकीच्या बिजागरीपाशी तार वर्षानुवर्षे वाकत आलेली असते तिथे सापडतो.

याआधी विचार मात्र करायला हवा. एकच दिवा गेला असेल तर बल्ब, होल्डर आणि त्याचे स्वतःचे अर्थिंग पाहावे. स्विचपर्यंत जाण्याचे कारण नाही. डावा-उजवा असे एकाच कामाचे दोन्ही दिवे एकदम गेले तर दोन बल्ब एका रात्री मरण्याची शक्यता कमी. तिथे फ्यूज, स्विच, रिले पाहावे. सगळेच दिवे मंद असतील तर बॅटरी, तिची अर्थची पट्टी आणि चार्जिंग. सिग्नलला थांबल्यावर मंद आणि रेस दिल्यावर तेज, हे डायनमोच्या गाडीत काही प्रमाणात स्वाभाविक असते. डायनमो संथ फिरताना फारशी वीज देत नाही. बल्ब वारंवार उडत असतील आणि दिवे नेहमीपेक्षा पांढरे दिसत असतील तर दोष उलट बाजूचा. तिथे रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज पंधराच्या वर गेलेले असते.

इंडिकेटरची तऱ्हा वेगळी. जुना फ्लॅशर उष्णतेवर चालतो. बल्बांकडे जाणाऱ्या विजेने आतली धातूची पट्टी किंवा तार तापते, संपर्क तुटतो, थंड झाली की पुन्हा जुळतो. मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा उघडझाप व्हावी असा नियम आहे. हा ठेका बल्बच्या वॅटवर अवलंबून असतो. एक बल्ब गेला, कमी वॅटचा बसवला किंवा एलईडी घातला, की ठेका बिघडतो किंवा उघडझाप बंदच पडते. अशा वेळी फ्लॅशर निर्दोष असतो आणि तोच सर्वांत आधी बदलला जातो. टेल-ब्रेकच्या बल्बचीही एक खोडी आहे. त्याच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. होल्डर सैल झाला असेल तर तो दामटून उलटा बसवता येतो, आणि मग रात्रभर ब्रेकलाइट जळते व ब्रेक दाबल्यावर टेललाइट.

गाडीचे मूळ कोणत्या देशाचे, हे तारांच्या रंगांवरूनही कळते. इंग्रजी पद्धतीत निळी तार हेडलाइटची, निळी-पांढरी अप्परची, निळी-तांबडी डिपरची, तांबडी पार्किंगची, हिरवी-जांभळी ब्रेकची आणि काळी अर्थची. जर्मन पद्धतीत भिस्त आकड्यांवर. ३० म्हणजे बॅटरी, ३१ अर्थ, ५६ए अप्पर, ५६बी डिपर. काही जपानी गाड्यांत स्विच प्लसच्या बाजूला नसून अर्थच्या बाजूला असतो, त्यामुळे दिवा बंद असतानाही होल्डरवर बारा व्होल्ट दिसतात आणि नवखा माणूस गोंधळतो. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत इंग्रजी गाड्यांत बॅटरीचे प्लस टोक बॉडीला जोडण्याची रीत होती. महायुद्धातल्या विलीस जीप सहा व्होल्टवर चालत. तिथे त्याच वॅटला दुप्पट वीज लागते आणि अर्ध्या व्होल्टची गळतीही जबर ठरते. तेव्हा पिन लावण्याआधी गाडीची जात ओळखावी. पण चाळीस वर्षांत गाडी चार वायरमनच्या हातून गेली असेल तर रंगांवर आंधळा विश्वास नको. ज्याच्याकडे त्या दिवशी जी तार होती ती त्याने जोडलेली असते.

आपल्या हवेचे दोन शत्रू वेगळे सांगायला हवेत. किनाऱ्यावरची खारी, दमट हवा तांब्याच्या तारेत वेष्टनाखालून शिरते. तार बाहेरून धड दिसते, कापून पाहिली तर आतून काळी पडलेली असते आणि तिला डाग लागत नाही. चांगले तांबे दिसेपर्यंत तार मागे कापत जावे लागते. दुसरा शत्रू उंदीर. पावसाळ्यात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली तो कोरड्या जागेला येतो आणि तारा कुरतडतो. महिनाभर गाडी न हलवता ठेवली असेल तर फ्यूज तपासण्याआधी टॉर्च घेऊन तारा पाहाव्यात.

तिसरा शत्रू माणसाने तयार केलेला. हौसेने डेंटिंग-पेंटिंग करून आणलेली, आरशासारखी चकाकणारी गाडी घरी येते आणि तिचे निम्मे दिवे लागत नाहीत. मालक पेंटरवर संशय घेतो आणि तो बरोबर असतो, फक्त त्याने काही तोडलेले नसते. त्याने प्रत्येक स्क्रूच्या भोकाभोवती प्रायमर आणि रंगाचे सुरेख थर दिलेले असतात, आणि रंगातून वीज जात नाही. प्रत्येक अर्थच्या जागी रुपयाएवढा पत्रा उघडा करणे, दात्यांचा वॉशर घालून लग आवळणे आणि वरून ग्रीस लावणे, एवढेच काम उरलेले असते.

सगळे मोजून झाले, दिव्यावर पूर्ण व्होल्टेज आले आणि तरी उजेड नाही, तर वायरिंगला दोष देऊ नये. रिफ्लेक्टरची चकाकी गेलेली असते. ती कपड्याने घासून परत येत नाही, उलट उरलीसुरली निघते. पुण्याचा जुना बाजार, नाना पेठ किंवा मुंबईचा चोरबाजार पालथा घालून दुसरा दिवा मिळवावा. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खुपसणे हा त्यावरचा पर्याय नाही. फिलामेंट जिथे असायला हवे तिथे त्याचा प्रकाश नसतो, झोत फुटतो आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपतात.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी ती नव्याने करताना आरटीओत गाडी दाखवावी लागते. तिथे दिवे पाहिले जातातच. पण हे पुस्तक त्या तपासणीपुरते लिहिलेले नाही. ते ज्याला स्क्रू ड्रायव्हर धरता येतो आणि रविवारची सकाळ मोकळी आहे, अशा वाचकासाठी आहे. इलेक्ट्रिशियनची पोटापाण्याची विद्या ते हिरावून घेत नाही. दोष कोणत्या वाटेवर आहे हे मालकाने मोजून आणले तर त्याचेही काम सोपे होते आणि बिलावर नको असलेले बल्ब चढत नाहीत.

वाचकांना दोन विनंत्या. मोजणी सोडून कोणत्याही कामाला हात घालण्याआधी बॅटरीची बॉडीला जोडलेली तार काढून ठेवावी, कारण तिच्यातून शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर वाहू शकतात, आणि हातातली अंगठी-घड्याळही काढावे. दुसरी विनंती मीटरची. बरीच वर्षे ड्रॉवरमध्ये पडलेल्या मल्टिमीटरमध्ये नवी बॅटरी घालूनच पहिल्या प्रकरणाकडे वळावे. ती उतरलेली असली की मीटर चुकीचे आकडे दाखवतो.